रिकाम्या पेटीचा अहवाल

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पेटी आहे. दवाखान्याच्या मागच्या भिंतीवर, नर्सबाईंच्या खिडकीखाली मला ठोकलेलं आहे. वेल्डरने माझं तोंड मुद्दामच अरुंद ठेवलं. वस्तू आत जाईल, पण हात जाणार नाही. कारण माझ्या पोटात पडायच्या त्या वापरलेल्या सुया. नशेची इंजेक्शनं घेणारी माणसं त्या आणून टाकत आणि खिडकीतून नवी, स्वच्छ सुई नेत, म्हणजे एकाची सुई दुसऱ्याने टोचून रोग पसरायला नको. नाव-गाव कोणी विचारत नसे.

काम काही मिरवण्यासारखं नव्हतं. लोक नाकं मुरडत. "सरकारच व्यसनाला खतपाणी घालतंय," असं येता-जाता ऐकवत. नर्सबाई मात्र खमक्या. म्हणायच्या, "आधी जगू तर दे त्याला, मग सुधारेल." आणि खरंच, खिडकीशी येता येता कितीतरी जण आत जाऊन उपचार घेऊ लागले. एक सुतार होता. थोरली बहीण त्याला हाताला धरून आणायची. त्याच्या व्यसन सोडवायच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि रोजची सुई आठवड्याला एकीवर आली. मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

मग धोरण बदललं. "आता दयामाया नाही," असा हुकूम आला आणि माझ्या डोक्यावर कॅमेरा बसला. जो सुई टाकेल त्याला पकडायचं, सुई हाच पुरावा. पहिला सापडला तो सुतारच. ती सुई झटकन गिळून टाकावी असं मला वाटलं, पण ती अर्धी बाहेर असतानाच पोलिसाने त्याचं मनगट धरलं.

त्यानंतर माझ्याकडे कोणी फिरकेना. सुया काही थांबल्या नव्हत्या. नर्सबाईंना त्या गवतात, गटारात, खेळाच्या मैदानात सापडत. पण दर महिन्याला आरोग्य खात्याचे साहेब यायचे, मला उघडायचे आणि लिहून न्यायचे, "पेटी रिकामी. व्यसन आटोक्यात." अहो, घाबरून पळालेली माणसं बरी झाली असं समजत होते हे! मला माझ्याच रिकाम्या पोटाची धास्ती वाटू लागली. तुरुंगात सुताराच्या गोळ्या बंद झाल्या होत्या. सुटल्यावर एकदा तो रस्त्यापलीकडे येऊन उभा राहिला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून निघून गेला.

परवा या धोरणाचा फेरविचार करायला समिती आली. अध्यक्षांनी बॅटरी मारून माझ्या आत पाहिलं.

"एकही नाही. मग बदलायचं कशाला?"

नर्सबाई काही बोलणार, तोवर सुताराची बहीण पुढे आली. कॅमेऱ्याकडे तोंड करून तिने माझ्यात एक सुई टाकली.

"भावाच्या उशाशी सापडली," ती म्हणाली. "आतून कडी लावून एकटाच होता. दार तोडलं तेव्हा अंग गार पडलं होतं. इथे यायची भीती वाटली त्याला. आता लिहा, पेटीत एक."

कोणी लिहिलं नाही. समिती गाडीत बसून गेली. कॅमेरा अजून तसाच आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणीतरी साहेब होईल आणि मला उघडायला येईल. मी रिकामी दिसले, तर खूश होण्याआधी एवढं विचारा, की माणसं गेली कुठे.