मयुरीच्या मागचा चौकोन

लग्नाआधी नवरा-नवरीचे फोटो काढायची रीत आमच्याकडे आली, तेव्हापासून त्या दोघांसोबत कोणाला धाडायचं हा घराघरातला प्रश्न झाला आहे. बाप गेला तर पोरगी अवघडते, भाऊ गेला तर जवाई अवघडतो. मामा गेला तर कोणाचंच काही अडत नाही. मयुरीच्या वेळी तिच्या आईनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीनं, कांतानं, मला फोन केला. "दादा, तू जाय. तसंही तुले काय काम राह्यते?"

काम नव्हतंच. अर्धी जिंदगी मी सिंदी मेघेत एका पतसंस्थेचं रोजचं कलेक्शन केलं. दुकानोदुकानी फिरून एवढंच शिकलो, की माणूस अडचणीत आला की त्याचा आवाज गोड होतो. रोज खेकसणारा दुकानदार एखाद्या दिवशी 'या भैयाजी, बसा, पाणी घ्या' म्हणाला, की समजायचं, गल्ल्यात आज काही नाही. रिटायर झाल्यावर ही विद्या फक्त लग्नाच्या बैठकीत कामी येते.

राकेश फोटोग्राफर मात्र गोड बोलणाऱ्यातला कधीच नव्हता. आमच्या नात्यातली निम्मी लग्नं त्यानं एकाच जुन्या डीएसएलआरवर काढली, आणि प्रत्येक लग्नात मला "ओ मामा, पोट आत घ्या, दुसरे मावून नाई राह्यले" असं सगळ्यांदेखत ऐकवलं. त्या दिवशी गाडीत त्याच्या मांडीवर दोन कॅमेरे होते. एक तो जुना, मुठीचं रबर सुटलेलं, चिकटपट्टीनं बांधलेला. दुसरा नवा मिररलेस, नागपूरच्या एका दुकानदारानं दोन दिवस वापरून पाहायला दिलेला. उद्या एक तर परत करायचा, नाही तर ठेवून घ्यायचा.

गाडी नवरदेव चालवत होते. अंकित, नाचणगावचे, पुलगावात मोबाइलचं दुकान. जुनी वस्तू दिसली की या माणसाच्या चेहऱ्यावर दया येते, हे मी बैठकीतच टिपून ठेवलं होतं. माझ्या फोनकडे पाहूनही आली होती.

"राकेशभाऊ, विचार कायचा करता? जुना भंगारात टाका," ते म्हणाले.

"जवाईबुवा, जुन्यानं मले कधी धोका नाई देल्ला."

"बायकोबद्दल बी असाच बोलते का हा?" मी विचारलं, आणि मागच्या सीटवर मयुरी खिदळली.

हिंगणीच्या अलीकडे गंगाबाईच्या टपरीवर चहाला थांबलो. राकेशनं दोन्ही कॅमेरे बाकावर मांडले.

"मामा, तुमी माणसं पारखता म्हणे. हे पारखा."

"बैलबाजारात दात पाह्यतात. याचं काय पाह्याचं?"

"डोळा पाहा. जुन्याच्या पोटात आरसा आहे. समोरचं जसं आहे तसं आरशातून आपल्या डोळ्यात येते. नव्यात आरसाच नाई. त्याच्यात लहानसा टीव्ही. थो पाह्यते, अन् आपल्याले दाखवते."

"म्हणजे त्यानं सांगाव, आपण मानाव."

"हाव. पण अंधारातलं बी सांगते. अन् हे पाहा." त्यानं काहीतरी बटणं दाबली. "आता माणसावरून जनावरावर केलं." समोर एक बकरी केळीची सालं खात होती. स्क्रीनवर एक बारकासा हिरवा चौकोन उमटला आणि नेमका तिच्या डोळ्यावर जाऊन बसला. बकरीनं मान फिरवली, चौकोनही फिरला. गोचिडासारखा चिकटला होता. "जिथं चौकोन, तिथंच फोटो साफ येते. बाकी सारं धूसर."

मग कॅमेरा हलला आणि चौकोन टपरीला टांगलेल्या चिवड्याच्या पाकिटावर बसला.

"हे कोणतं जनावर?"

"चुकते कधी कधी."

"मंग माणसासारखाच आहे."

गंगाबाईनं कप उचलता उचलता मयुरीच्या पिशवीतला लाल झगा पाहिला. "कुठी चालले, नाल्याकडं? दिवस बुडाच्या आत निघून येजा बाई. वाघीण फिरून राह्यली."

"मावशी, दरसाल फिरते ती," अंकित म्हणाले.

टपरीवरची बातमी मी नेहमी अर्ध्या भावानं घेतो. त्या दिवशीही तेवढ्यानंच घेतली.

अंकितच्या दोस्ताचं वावर गावामागे होतं. वावराच्या टोकाला नाला, नाल्यापलीकडे जंगल. पळस फुलला होता. नाल्याच्या काठावर एक सपाट दगड, त्याच्या मागे घाणेरीचं दाट झुडूप, आजूबाजूला सागाच्या वाळल्या पानांचा खच. गाडी वावराच्या अलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आणि मधे सारी नांगरलेली ढेकळं. राकेशला जागा फार आवडली.

मयुरीनं घातलेला तो लाल झगा भाड्याचा होता, आणि त्याला मागे एवढी लांब शेपटी होती की तिच्यात आमची अर्धी पंगत बसली असती. ही शेपटी हवेत उडाली पाहिजे, आणि उडवणारा फोटोत दिसता कामा नये. ते काम माझं.

"मामा, फेका अन् पळा," राकेश ओरडायचा. मी शेपटी उचलायचो, फेकायचो आणि बाजूला पळायचो. मयुरी दगडावर हात पसरून उभी. राकेश म्हणायचा, "पुन्हा एकडाव. मामा, तुमचं पोट आलं."

असं करता करता दिवस कलला. मधेच नाल्यापलीकडे एक वानर खाकरल्यासारखं ओरडलं.

"मामा, तुमी खाकरले का?" अंकितनी विचारलं.

"नाई. ते तुमच्याकडचं वऱ्हाडी असन."

हे आणि दोघांचे फोटो जुन्या कॅमेऱ्यावर झाले, अंकित राकेशच्या बाजूला येऊन फोन पाहत बसले. शेवटचा फोटो नव्या कॅमेऱ्यावर, मयुरीचा एकटीचा, दगडावर बसून, शेपटी खाली पसरलेली. मी शेपटी नीट लावून दिली. झुडूप माझ्या पाठीमागे बैलगाडीच्या लांबीइतक्याच अंतरावर होतं. राकेश तिकडून नव्या कॅमेऱ्याला शिव्या देत होता. "काऊन बे, चेहऱ्यावर बस ना. कुठी चालला."

मग तो गप्प झाला. राकेश फोटो काढताना गप्प झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"मामाजी," तो म्हणाला, "थोडं इकडे येता का? हळूच या. काही घाई नाही."

मामाजी. या. काही घाई नाही. एवढा गोड आवाज मी फक्त बुडालेल्या माणसांचा ऐकला होता.

मी गेलो. त्यानं स्क्रीन माझ्याकडे केली. डोळ्यांना दिसत होतं त्यापेक्षा तिथे जास्त उजेड होता. मयुरी दगडावर बसून केस सारखे करत होती. तिच्या तोंडावर चौकोन नव्हता. चौकोन तिच्या खांद्यामागे, झुडपाच्या काळ्या पोटात, जमिनीपासून थोडा वर बसला होता.

"टपरीवर बकरीसाठी सेटिंग जनावरावर केलतं," राकेश कुजबुजला. "माणसावर आणाचं राहून गेलं."

"मंग आण आता."

"आणतो मामा. पण आत्ता हा जनावर पाहून राह्यला ना. कोणतं?"

त्यानं कॅमेरा बाजूला नेला, परत आणला. चौकोन तिथेच. मग त्यानं पिशवीतून मोठी लेन्स काढून जुन्या डीएसएलआरला लावली, डोळा लावला, आणि बराच वेळ पाहत राहिला. "याच्यात काईच नाई." मीही पाहिलं. पानं, पानांमधला काळोख, आणि काही नाही. माझं मन एकदम हलकं झालं. अर्धी जिंदगी सोबत काढलेला, कधी धोका न दिलेला कॅमेरा सांगतो आहे, काही नाही. सांगणारा दुसरा कालचा आलेला, चिवड्याच्या पाकिटाला जनावर म्हणणारा. कोणावर भरवसा ठेवावा याचा हिशेब माझ्या डोक्यात तयारच होता. फक्त त्या दगडावरची पोरगी आपली होती.

अंकित उठून आले. "पान असन. आमच्याकडं फोनचं लॉक फोटो दाखोला तरी उघडते. थांबा, गोटा मारून पाह्यतो."

त्यांनी वाकून एक ढेकूळ उचललं. राकेशनं त्यांचं मनगट धरलं, स्क्रीनवरची नजर न काढता. चौकोन नाहीसा झाला होता. आम्ही तिघंही पाहत राहिलो. चौकोन परत आला. तिथेच. परत गेला, परत आला.

"पान डोळे मिटत नाई," राकेश म्हणाला.

अंकितच्या हातातून ढेकूळ खाली पडलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा नवेपणा उतरला आणि तिथे नाचणगावचं एक घाबरलेलं पोरगं उभं राहिलं. मला ते त्या घडीला पहिल्यांदा आवडले.

"तिले आवाज द्यू?" ते म्हणाले.

"सांगतलं तं पळन," मी म्हणालो. "त्या झग्यात पडन. तुमी गाडी चालू करा. हळू जा. दारं उघडी ठेवा."

मयुरीला आणायला कोण जाणार हे कोणी विचारलं नाही. शेपटीचं काम माझंच होतं.

"ताई," राकेशनं आवाज दिला. तो आवाज त्यानं कसा काढला ते त्यालाच ठाऊक. "आता चालत याचं. एकदम हळू. माह्याकडं पाहून हसत. मामा शेपटी धरून मागं येतील. मागं पाह्यजो नको, फोटो बिघडते."

मी ढेकळं तुडवत दगडाकडे निघालो. झुडपाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पाहायचं नाही म्हटलं की मान कशी जड होते ते त्या दिवशी कळलं. मयुरी उठली, मी शेपटी गोळा करून दोन्ही हातांवर घेतली आणि झुडपाकडे पाठ केली.

"आता फेकू नका मामा," राकेश म्हणाला. "अन् पळू बी नका."

आम्ही चालू लागलो. गप्प राहिलो तर पोरीला कळेल म्हणून मी बोलत सुटलो. "नागपूरच्या आत्याले पत्रिका गेली का? मागच्या लग्नात तिले पुरणपोळी उशिरा वाढली म्हणून अजून बोलत नाई."

"गेली मामाजी. ती येणारच. आली तं रुसाले भेटते ना."

मागे सागाचं वाळलं पान वाजलं. त्यावर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. आम्ही तेव्हा नांगरलेल्या ढेकळांत होतो. आमच्या पायाखाली पानं नव्हती.

"मामाजी, मागं काय वाजलं?"

"माहे गुडघे. मागं पाहू नको, हस."

ती हसली. समोर राकेश तोंडासमोर नवा कॅमेरा धरून उलटा उलटा सरकत होता. खटक असा आवाज एकदाही आला नाही. मला वाटलं, याचं बोटच चालत नाही. पुन्हा एक पान मोडलं. मग काहीच मोडलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. मी शेपटी छातीशी घट्ट धरली.

गाडीपाशी मी मयुरीला आत ढकललं, शेपटी तिच्यावर फेकली, राकेश आला, दारं लागली. अंकितनी काचा वर केल्या. त्या आधीच वर होत्या.

हिंगणीचे दिवे दिसू लागले. मयुरी आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहत होती. शेवटी म्हणाली, "फोटो दाखोवा."

राकेशनं कॅमेरा दिला. त्यानं सारा वेळ बटण दाबलं होतं, नव्याला आवाज नव्हता एवढंच. सेटिंग जनावरावरच होतं. त्यामुळे प्रत्येक फोटोत मयुरी आणि मी पुसट होतो, एक लाल डाग आणि मागे एक पोट. साफ होतं ते मागचं. आधी पानांत एक डोळा. मग दोन. मग कान आणि खांदे. आणि शेवटच्या फोटोत, आम्ही गाडीजवळ असताना, त्या सपाट दगडावर ती उभी होती, मयुरी बसली होती तिथे नाक टेकवून.

मयुरीनं तो फोटो बराच वेळ पाहिला. मग झग्याची शेपटी हळूहळू ओढून मांडीवर घेतली आणि घट्ट धरून बसली.

मला वाटलं, कॅमेऱ्याचा प्रश्न तर मिटला. ज्यानं पोरगी वाचवली तो राहील. दुसऱ्या दिवशी राकेश नागपूरला जाऊन नवा परत देऊन आला.

"काऊन बे?"

"मामा, घरी गेल्यावर पुन्हा लावून पाह्यला. माही पोरगी अभ्यासाले बसली होती. चौकोन तिच्या डोळ्यावरून सुटला अन् मागच्या खिडकीवर गेला. मी बाहेर जाऊन पाहून आलो. काई नव्हतं. पण मले आता दरवेळी पाहून याव लागन. जुन्यात मले दिसते तेवढंच राह्यते."

तेवढंच राहत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. वसुलीत एक पायरी अशी येते की तिथून पुढे मागू नये.

लग्न नाचणगावला झालं. बुद्धवंदना झाली, हार झाले, जेवणं झाली. संध्याकाळी हॉलच्या मागच्या मोकळ्या पटांगणात सगळ्या नातेवाइकांचा एक फोटो ठरला. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मधे मयुरी आणि अंकित. मागे कापून झालेलं वावर आणि त्याच्या कडेला बाभळी. हिंगणीची गोष्ट तोवर नागपूरच्या आत्यापर्यंत पोचून, वाघिणीची पिल्लंही मोजून परत आली होती.

राकेशनं जुना कॅमेरा डोळ्याला लावला. मग खाली घेतला. आमच्या डोक्यांवरून मागे पाहिलं, आणि म्हणाला, "मामाजी, थोडं थांबता का?"

मागे काहीही नव्हतं. पण त्याचं बोट कॅमेऱ्यावरच होतं, आणि कोणीतरी आधी मान वळवली तेव्हा ते दचकून दाबलं गेलं. खटक.

तो फोटो अल्बममध्ये आहे. आत्याचा अंबाडा, कांताची पाठ, अंकितचा कान, माझं टक्कल. सगळं वऱ्हाड बाभळींकडे पाहतं आहे. त्यात एकट्या मयुरीचा चेहरा दिसतो. ती समोर पाहून, मी त्या दिवशी सांगितलं होतं तशीच, हसते आहे. दोन्ही हातांनी तिनं साडीचा पदर घट्ट धरला आहे.