साबेराबाईंचं फडकं

“मी न्हाई यायची आत. हितनंच बघते,” म्हणत साबेराबाईंनी चपला काढल्या आणि त्या पायरीवरच उभ्या राहिल्या.

माधवनगरात त्यांच्या नातीच्या, अर्शियाच्या, कॉम्प्युटर क्लासचा पहिला दिवस होता. क्लास फक्त बायकांचा, तोही चाळिशी उलटलेल्यांचा. मोबाइलला बोट लावण्याआधी नातवंडांच्या तोंडाकडे बघणाऱ्या गल्लीतल्या बायका. पाच जुने कॉम्प्युटर, पेढ्यांचा पुडा आणि पाहुणा म्हणून मी, दादासो, बंद पडलेल्या गिरणीचा निवृत्त ऑपरेटर. अर्शियाला लहानपणी टायपिंग शिकवलं, एवढंच माझं कर्तृत्व. पहिलं बटण मात्र नानीनंच दाबायचं, असं तिनं ठरवलं होतं.

नानी पायरीवर, नानीच्या मागं सुलाबाई आणि त्यांच्या मागं आणखी सात-आठ जणी.

“साबेराच जाईना तर आमी कशाला जावं, बाई?” सुलाबाई म्हणाल्या. “काय मोडलं-बिडलं म्हंजी?”

अर्शियाचा चेहरा उतरला. “नानी, अगं तुझ्यासाठीच काढला ना क्लास! तू आली न्हाईस तर ह्या समद्या परत जातील.”

“मी हात लावला तर मशिन बिघडंल तुजं. गिरनीत काचंवर फडकं मारलं आन् अक्षरं गळाली. ह्या डोळ्यांनी बघितलंय. दादासो हुते की तितं. इचार त्यास्नी.”

अर्शियानं माझ्याकडे पाहिलं. मी पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं.

होतो तर. एक्क्याण्णव साल. अख्ख्या गिरणीत थंड हवेची खोली एकच, कॉम्प्युटरची. धूळ नको म्हणून मॅनेजरसुद्धा देवळात आल्यासारखे चपला बाहेर काढून यायचे. तिथली साफसफाई साबेराबाईंकडे होती. तो त्यांचा मान होता आणि त्या तो मिरवायच्याही. त्या दिवशी स्क्रीनवर कामगारांच्या नावांची यादी होती. बाईंनी ओलं फडकं फिरवलं आणि एक अक्षर सुटून खाली पडलं. मग दुसरं. मग झोडपलेल्या चिंचेसारखी अख्खी यादी टपाटपा तळाला आली. बाईंनी काय करावं? स्क्रीनखाली पदर पसरला! मला हसू आलं नाही, कारण मीही टरकलो होतो.

मॅनेजर धावत आले. “माज्या हातनं झालं,” बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन आवार झाडायचं काम मागून घेतलं. एप्रिल महिना होता.

आठ दिवसांनी पुण्याहून इंजिनिअर आला. म्हणाला, हा व्हायरस आहे. अक्षरं पडल्यासारखी दिसतात, यादी आत शाबूत आहे. आवारातल्या बाईंना हे कुणी सांगितलं नाही, मीही नाही. बाहेरची फ्लॉपी कुणी घातली होती? फ्लॉपी म्हणजे त्या काळची चौकोनी चकती, आजच्या पेन ड्राइव्हची आजी. मी मान हलवली, कुणीच नाही म्हणून. नोकरी नवी होती, लग्न ठरलं होतं. पुढं लग्न झालं, गिरणी बंद पडली, मॅनेजर वारले. आता कशाला बोलायचं, असं मी दरवर्षी स्वतःला सांगत आलो.

“अक्षरं गळाली? नानी, म्हणजे कॅस्केड! जुना व्हायरस हाय त्यो!” अर्शिया ओरडलीच. तिनं आपला लॅपटॉप उघडला. जुन्या व्हायरसांचे नमुने कुणी कुणी विष काढून जपून ठेवलेत म्हणे, संग्रहालयात तलवारी ठेवतात तसे. तिनं लॅपटॉप दाराकडे वळवला. काळ्या स्क्रीनवरून अक्षरं सुटून खाली पडू लागली.

“ह्येच! ह्येच त्ये!” साबेराबाई एक पायरी वर चढल्या.

“हे कुणीतरी मुद्दाम लिहिलेलं, नानी. फडक्याचा काय संबंध? ह्याचा कर्ता कोण ते धड कळलंच न्हाई. त्याच्या आधीचा एक लाहोरच्या दोघा भावांनी केलेला. त्यांनी त्यात आपली नावं, दुकानाचा पत्ता, फोन नंबर, सगळं घातलं होतं. तुमच्याकडं कुणाच्या तरी फ्लॉपीतनं आला असंल.”

नाव, पत्ता, फोन नंबर. आणि मी साबेराबाईंपासून चार घरं सोडून राहतो.

“माझ्या,” मी म्हणालो. “माझ्या फ्लॉपीतनं. साबेराबाई, मी आणली हुती. गाड्या पळवायचा खेळ हुता. तुमच्या हातनं कायबी झालं न्हाई.”

सुलाबाईंनी तोंडावर हात ठेवला.

“चौतीस वर्सं, दादासो?”

“व्हय.”

“आवार लय तापायचं.”

“ठावं हाय. खिडकीतनं दिसायचा तुमी.”

हे बोललो आणि मला जन्मात वाटली नव्हती एवढी लाज वाटली. साबेराबाई शिव्या देतील तर बरं, असं मला वाटत होतं.

“खेळ तरी जितला का?” त्यांनी विचारलं.

“न्हाई. एकदाबी न्हाई.”

“मंग काय उपेग, आवं!” म्हणत त्या आत आल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. त्यांच्या मागून सुलाबाई आल्या, मग सगळ्याच. चपला घालून आलात तरी चालतं, असं अर्शिया सांगत होती, पण कुणी ऐकलं नाही. दाराशी चपलांचा ढीग झाला.

साबेराबाईंनी बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाल्यावर अर्शियानं मोठ्या अक्षरांत ‘साबेरा’ लिहिलं. बाई वाकल्या, नाव नीट वाचलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“धूळ किती बसलीया गं ह्याच्यावर!”

टेबलावरचं फडकं उचलून त्यांनी आपल्या नावावरून फिरवलं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुसऱ्या हातानं मात्र स्क्रीनखाली पदर धरला होता. सगळ्या बायका त्या पदराकडे बघत होत्या. त्यात काहीच पडलं नाही.