तिजेआधीचा आंबा

धोंड्याचा महिना त्या वर्षी नेमका वैशाखात येऊन पडला, तिथूनच सगळा घोळ झाला. वैशाख दोनदा आला म्हणून तीज, म्हणजे तुमची अक्षय तृतीया, पुढे ढकलली गेली. पण आंब्याला हे कोण सांगणार? तो आपल्या वेळेला पिकला.

तिजेला पितरांना रस दाखवल्याशिवाय पिकला आंबा तोंडाला लावायचा नाही, हे गावात बऱ्याच घरी होतं. आमच्या घरी जरा जास्तच. त्याला कारण माझे सासरे, बकाराम. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. मला पहिल्यांदा दिवस गेले होते, आंब्याच्या वासानं जीव नुसता कासावीस व्हायचा, तेव्हाही हा माणूस ओसरीवरून म्हणाला होता, "तीज होऊ दे, पोरी." मी ते विसरले नाही. विसरायची पण नाही.

आणि त्या वर्षी तेच खाटेवर पडले. पोटात अन्न ठरेना. गोंदियाहून आलेला डॉक्टर जाताना माझ्या नवऱ्याला, केवलरामला, बाजूला घेऊन म्हणाला, "अब जो माँगे, दे दो."

मामाजींनी मागितला आंबा.

माझी सासू रुख्माबाई जागची हलली नाही. "तीज येऊनच राहिली. थोडा दम धरा," म्हणाली.

"आत्याबाई, द्या ना एक," मी सासूला म्हटलं. "डॉक्टर सांगून गेला."

"डॉक्टरले का समजते? बुढा तिजेपर्यंत राहत नाही असं समजून राहिला तो. मी नाही समजत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आंबा हातात दिला, म्हणजे हा माणूस तीज पाहणार नाही हे तिनं कबूल केल्यासारखं झालं असतं. तिजेच्या नावानं तिनं त्यांना बांधून ठेवलं होतं. कळलं, तरी मी भांडलेच.

"मंग पहिल्याच वैशाखात तीज करून टाकाची होती! काऊन नसती चालली?"

खाटेवरून मामाजी हसले. "तिथी बदलली हे पितराईले कोण सांगाले जाईल व? थांब, मीच जाऊन सांगतो."

"तुमच्या जिभेले काही हाड?" सासू कडाडली आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

त्यातच एका दुपारी वादळ सुटलं. आमच्या धानाच्या बांधावर दोन झाडं होती, एकमेकांना खेटून. एक शेंद्र्या, गूळ झक मारेल असा गोड. दुसरा आंबट्या. फळ दोघांचं दिसायला सारखंच, रंगही तोच. वादळानं दोघांचा पिकला आंबा एकजात खाली पाडला आणि केवलरामनं तो बैलगाडी भरून घरी आणला. ओसरी भरली, माजघर भरलं, पाय ठेवायला जागा उरली नाही. कोणता कोणत्या झाडाचा हे जिभेला लावल्याशिवाय कळायचं नाही, आणि तिजेआधी जिभेला लावायचं नाही.

वाटायचे तरी कोणाला? प्रत्येकाच्या अंगणात तोच ढीग. मग आम्ही सासूसुना आंब्याच्या पोळ्या घालायला बसलो. आंबे पिळायचे, रस पळसाच्या पानांवर पसरायचा, उन्हात वाळवायचा. कोपरापर्यंत रस ओघळायचा, पण बोट चाटायचं नाही. माश्यांचं बरं, त्यांना पितर नसतात! आणि मामाजींची खाट स्वयंपाकघराच्या दाराशीच. सगळा वास त्यांच्या नाकात.

"रुख्मे," ते म्हणाले.

लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांनी तिला नावानं हाक मारलेली मी तेवढीच ऐकली.

"रुख्मे, एक बोट लाव जिभेले. जास्त नाही मागत. बोटभर."

सासूचा हात मनगटापर्यंत रसात होता, तो तसाच थांबला. मला वाटलं, आता उठते. उठलीही. पण लुगड्याला हात पुसला, माठातलं पाणी आणलं, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाजलं आणि म्हणाली, "तीज होऊ द्या."

मामाजी तिजेच्या आदल्या दिवशी सकाळी गेले.

घरात सुतक. कसली तीज अन् कसलं काय. उरलेले आंबे ओसरीवर सडले, बैलांनी खाल्ले. सुतकाच्या घरचं घेणार कोण? पोळ्यांचं मडकं तेवढं सासूनं तोंड बांधून शिंक्यावर चढवलं. दिवस झाल्यावर मी एकदा हात लावायला गेले, तर अंगावर आली. "पहिला घास त्याईचा. खबरदार!"

पुढच्या वर्षी धोंडा नव्हता, तीज लवकर आली. इतकी लवकर, की झाडावर सगळी कैरीच. गेल्या साली आंबा होता तर तीज नव्हती, आता तीज होती तर आंबा नाही. मला तर कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. सासूनं मात्र शांतपणे मडकं खाली घेतलं. पोळ्या पाण्यात भिजवल्या, कुस्करल्या, रस केला. मामाजींच्या नावाची पत्रावळ मांडली, चुलीतल्या निखाऱ्यावर पहिला घास टाकला.

"घ्या," ती म्हणाली. "आता कोणी अडवत नाही."

मग पत्रावळीवरचा प्रसाद म्हणून बोटभर रस तिनं स्वतःच्या जिभेला लावला. तिचं तोंड वाकडं झालं. मी चाखला. आंबट ढाण! शेंद्र्याचा गोडवा औषधाला नाही, आंबट्यानं सगळा रस गिळलेला. दुसरी पोळी पाहिली, तिसरी पाहिली. मडकंच्या मडकं तसं निघालं, आणि वर्षभर ते तिनं जिवापाड जपलेलं.

मला तिच्यावर ओरडायचं होतं, वर्षभराचं पोटात साठलेलं होतं.  पण मी तिच्याजवळ जाऊन बसले, एवढंच.

सासू चुलीकडे पाहत राहिली. निखाऱ्यावरचा घास जळून काळा झाला होता.

"एक बोट देलं असतं तं," ती म्हणाली, "बुढ्यानंच सांगतलं असतं व, रुख्मे, गूळ टाक म्हणून."