हात पांढरा?

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी नळी आहे. गोदामामागच्या गवतात आडवी पडून असते आणि माझ्या पोटात आता एका सरड्याने बिऱ्हाड थाटलं आहे. पण एके काळी मी जमीन गोठवत असे. हसू नका, खरंच सांगते.

माझ्या पोटात एक बारीक नळी होती. तिच्यातून थंडगार खारं पाणी खाली जाई आणि मातीतली ऊब घेऊन माझ्यातून वर येई. मिठामुळे ते स्वतः गोठत नसे, पण भोवतालची ओली वाळू दगडासारखी घट्ट होई. आम्हा बहिणींना गोलाकार उभं पुरत. एकीचा बर्फ दुसरीच्या बर्फाला भिडला की भुईत भिंत तयार होई आणि तिच्या आड माणसं निर्धास्त खणत.

एकदा रस्त्याखालचा बोगदा खचला. वाळू-पाणी आत घुसलं आणि यंत्र चालवणारा तरुण आतच राहिला. तो जिवंत नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. त्याला बाहेर काढण्यासाठी आम्हाला तिथे पुरलं. खणणाऱ्यांचा मुकादम त्याचाच थोरला भाऊ. सगळे त्याला दादा म्हणत. धाकट्याला घरी आणीन, असा त्याने आईला शब्द दिला होता.

आमच्या माना जमिनीवर असत आणि त्यांवर हिम साठे. खाली उतरणारा प्रत्येक जण आमच्या मानेवरून हातमोजा फिरवी.

"हात पांढरा?" दादा विचारी.

"पांढरा!"

मोजा पांढरा म्हणजे खालची भिंत शाबूत; मगच शिडीवर पाय. त्या स्पर्शाचा मला फार अभिमान वाटे.

मग मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून कामावरच्या इंजिनियर बाईंनी शोभेसाठी आमच्या माना निळ्या कापडात गुंडाळायला लावल्या. साहेब येऊन गेले, कापड तसंच राहिलं. माणसं कापडावरून हात फिरवत आणि सवयीने "पांढरा!" म्हणत.

नेमकी तेव्हाच माझ्यात हवा अडकली. खारं पाणी थांबलं, हिम वितळलं. मी आतल्या आत तळमळत होते, पण नळीला कुठे तोंड असतं?

खाली धाकट्याच्या यंत्राचं दार दिसू लागलं होतं. दादा घाईने उतरायला निघाला, माझ्यावर हात टेकला आणि थबकला. मोजा ओला झाला होता. त्याने कापड फाडलं. मी काळीठिक्कर!

"सगळे वर या!" तो ओरडला.

"दादा, दार हाताशी आलंय," खालून एक जण म्हणाला. "उरकून टाकू ना."

दादा शिडीच्या तोंडाशी वाकून म्हणाला, "माझा धाकटा आता कुठे पळून जातोय? तुम्हाला घरी जायचंय. या वर."

बाई धावत आल्या. "हे माझ्यामुळे झालं," एवढंच म्हणाल्या आणि उरलेली कापडं त्यांनी स्वतःच्या हातांनी ओरबाडून काढली.

माझ्यातली हवा सोडली. भिंत पुन्हा जुळायला बरेच दिवस गेले. दादा रोज माझ्याशेजारी येऊन बसे.

अखेर धाकटा घोंगडीत गुंडाळलेला वर आला. दादाने माझ्या मानेवरून मोजा फिरवला आणि तो पांढरा हात न झटकताच भावाच्या छातीवर टेकवला.

"चल रे, आई वाट बघतेय."

पाच बोटांचा पांढरा ठसा गाडी सुटेपर्यंत घोंगडीवर होता.

मित्रांनो, तुमच्या पायांखाली, भिंतींच्या आड आमच्यासारखे कितीतरी मुकाट्याने राबत असतात. आम्हाला नटवू नका. जाता-येता हात लावून बघा. आणि हात बघितल्याशिवाय कधी "पांढरा" म्हणू नका.