मागावरची खूण

पाळणाघरातली मावशी तोंडाची फटकळ होती, आणि तिला त्याची लाज नव्हती. कापड गिरणीच्या मागच्या अंगाला, एका लांबट खोलीत, ती अकरा पोरं सांभाळायची. ऑफिसातून दिवे लुकलुकणारी खेळणी आली, ती तिने कपाटावर फेकली. तिची खेळणी म्हणजे रिकाम्या बॉबिनी, डब्यांची झाकणं, कापडाचा एक तुकडा आणि तिचं स्वतःचं तोंड. "बटण कुणीही दाबतं. पोराला माणूस कळला पाहिजे," म्हणायची.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक विणकरीण आली ती सासूला घेऊनच. तिचं पोर चारच दिवसांपूर्वी मावशीकडे आलेलं. सासू दारातच कडाडली, "कुठाय आमचा ठोंब्या? दहा महिन्यांचा घोडा झाला, तोंडातून ब्र नाही! डॉक्टर म्हणतो कान ठणठणीत. म्हणजे डोक्यातच अंधार. आजपासून ही माग सोडणार आणि घरी बसणार."

विणकरीण खाली मान घालून उभी. चार माग एकटीने हाकणारी बाई, पण सासूपुढे भिजलेलं मांजर! "काम सोडते, मावशी," ती पुटपुटली.

"सोडायला दोन मिनिटं पुरतात. सुट्टी अजून वीस मिनिटं आहे," मावशी म्हणाली. "बस खाली. घरी खेळवतेस तसं खेळव याला."

ती पोरासमोर बसली. भुवया नाचल्या, हात नाचले, ओठ भराभर हलले. पोर डोळे विस्फारून बघत राहिलं. मावशीही बघत राहिली.

"आवाज कुठंय गं?"

"कसला आवाज?"

बाईला खरंच पत्ता नव्हता. मागांच्या खडखडाटात तोफ डागली तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बाया ओठांनी आणि हातांनीच बोलतात. सहा वर्षांची ती सवय घरी आली होती आणि पाळण्याशी येऊन बसली होती.

"अगं बाई!" सासू म्हणाली. "मला वाटायचं, ही ओठातल्या ओठात मला शिव्या घालते."

"त्याही घालत असेल. पण तुम्ही काय बोललात पोराशी?"

"त्याला काय कळतंय बोलून?"

"झालं! आई मुकी, आजी शहाणी, आणि ठोंब्या हा!"

मावशीने कापड डोक्यावर ओढलं. "कुठं गेली मावशी? कुऽऽक!" पोर खुदकन हसलं. पुन्हा कापड, पुन्हा कुऽऽक. तिसऱ्या वेळी मावशी कापडाखाली गप्पच बसली. पोराने वाट पाहिली. मग आईकडे वळून तळहातावर मूठ आपटली. एकदा. पुन्हा एकदा.

विणकरीण किंचाळलीच. "मावशी! ही तर आमची मागावरची खूण! तो म्हणतोय, माग बंद पडला, चालू कर!"

"कोणी शिकवलं?"

"कोणीच नाही. घास भरवताना तो थांबला की मी करते तसं. सवयीनं."

"डोक्यात अंधार म्हणे!" मावशी कापडातून बाहेर आली. "त्याच्या पुढ्यात जे टाकलं, ते त्यानं उचललं. आवाज कुणी टाकलाच नाही. घे, आता तुझी पाळी. आणि घशातून!"

विणकरणीने कापड ओढलं. आवाज आधी अडकला, मग असा फुटला की जणू शेडच्या पार टोकाला हाक मारतेय. दोन पोरं रडायला लागली. ठोंब्या रडला नाही. रांगत गेला, आईच्या डोक्यावरचं कापड खेचलं आणि तिच्या गळ्यावर हात ठेवून बसला. आवाज तिथून आला होता.

"आज बोलणार नाही तो," मावशी म्हणाली. "पण रोज असं खेळलीस तर बोलेल. माझे शब्द लिहून ठेव."

भोंगा वाजला. विणकरीण उठली. "जाते मी. माग माझी वाट बघतायत," ती सासूला म्हणाली. नुसत्या ओठांनी नाही, चांगल्या खणखणीत आवाजात.

सासूने कापड उचलून आपल्या डोक्यावर घेतलं आणि तशीच बसून राहिली. पुढे काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

ठोंब्याने तळहातावर मूठ आपटली.