पहिल्या पोत्याचं वरण

लातूरच्या मलप्पांच्या डाळ मिलमध्ये एक रीत होती. नवीन माल निघाला की पहिल्या पोत्यातली डाळ आवारातल्या चुलीवर शिजायची. हमालांच्या पंगतीत पहिलं ताट मालकाचं. मालकानं जेवून, ताट धुऊन ते पाणी प्यायलं, की मगच पोत्यांची तोंडं शिवायची आणि गाडी भरायची. मलप्पा गेले, तरी त्यांच्या बायकोनं, गुरम्मांनी ती चूल बंद पडू दिली नव्हती. नांदेडपर्यंतचे दुकानदार 'मालकानं खाल्लेली डाळ' एवढंच ऐकायचे आणि पोती उतरवून घ्यायचे.

त्या दिवशी मुलगा शिवप्रसाद चुलीपाशी आला.

"अव्वा, आज राहू दे. गाडी घाईची हाय. उमरीकडच्या आश्रमशाळेचा वर्षाचा माल हाय."

असं तो कधी म्हणाला नव्हता. गुरम्मांनी पोत्यात हात घातला आणि मूठभर डाळ सुपात पसरली. तुरीच्या गोल दाण्यांत पाचरीसारखे टोकदार दाणे होते, आणि थोडेथोडके नव्हते.

माहेरी, उदगीरजवळ, त्यांचा एक चुलता दुष्काळात महिनोन्‌महिने लाखोळीच्या, तुरीसारख्याच दिसणाऱ्या स्वस्त डाळीवर जगला होता. त्याचे पाय लाकडासारखे कडक झाले ते झालेच. मरेपर्यंत तो उंबऱ्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांकडे बघायचा.

"शिवा, लाखोळी हाय ही."

"सगळेच मिसळून राहिलेत. आपणच सोवळं नेसून बसायचं का?"

"लेकरं रोज खातील रे. पाय जातात."

"न्हाई जात कुणाचे. जुन्या गोष्टी हायत त्या." तो हसला. बापासारखंच हसायचा तो.

बापाच्या पाटावर, हमालांच्या देखत, हा घास याच्या घशाखाली उतरणार नाही, असं गुरम्मांना वाटलं. त्यांनी डाळ चुलीवर चढवली. वास नेहमीच्या वरणाचाच आला.

पंगत बसली. मुकादम श्रीमंतनं हाक दिली, "मालक, या लवकर. इकडं पोट ओरडून राहिलंय, तिकडं गाडीवाला."

शिवप्रसाद आला. त्यानं ताटाकडं पाहिलं, मग आईकडं. गुरम्मांनी पळीभर वरण वाढलं.

"बस."

तो बसला. गळ्यातल्या लिंगाला हात लावून त्यानं पहिला घास घेतला. मग दुसरा. सावकाश, चावून.

"अजून वाढ, अव्वा."

त्यांनी वाढलं. त्यानं ताट बोटांनी पुसलं, धुतलं, ते पाणी प्यायलं. उठला तेव्हा त्याच्या तोंडावर सुटका होती. एका दिवसाच्या वरणानं काही होत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गुरम्मांना ते आत्ता सुचलं.

"चला रे, जेवा आणि सुया घ्या," श्रीमंत म्हणाला.

"थांबा," गुरम्मा म्हणाल्या. "त्या डाळीत लाखोळी हाय."

हमाल एकमेकांकडं बघू लागले. श्रीमंत कसनुसा हसला. "काय अव्वा, मालकानं दोनदा घेतलं की."

गाडी नांदेडच्या रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी शिवप्रसाद स्वतःच डाळीचं पातेलं घेऊन आला. "वरण टाक, अव्वा. आज दोन गाड्या हायत. सगळ्यांसमोर जेवतो."

गुरम्मांनी पेटत्या चुलीवर पाण्याची घागर उपडी केली. राखेचा फुफाटा उठला. चूलच विझली, आता सुई कोण धरतो ते बघायला त्या उभ्या राहिल्या. शिवप्रसाद रागावला नाही. पातेलं घेऊन तो ऑफिसात गेला. सून मंजुश्री तिथंच, चहाच्या गॅसपाशी होती. थोड्या वेळानं आतून कुकरची शिट्टी झाली आणि श्रीमंतनं पाट मांडला.

गुरम्मांनी मूठभर डाळ पदराला बांधली आणि त्या एसटी स्टँडकडं निघाल्या. पण उमरीच्या आश्रमशाळेत त्यांचं कोण ऐकणार होतं? मालकानं खाल्लेली डाळ होती ती, मालकाच्या आईनंच शिजवलेली. मागं पोती शिवायला सुरुवात झाली होती.