चिठ्ठी तोंडात धरलेला मासा

मित्रांनो, मी बाटलीतला एक मेलेला मासा आहे. लांबी चार बोटं, डोकं चपटं, तोंड मोठं. नऊ वर्षांपूर्वी घाटंजीजवळच्या नाल्यात मी एका दगडाखाली राहत होतो. कुंदाबाईंनी दगड उचलला आणि नाल्यावर मासे धरणाऱ्या डोमाजीनं जाळं पुढे केलं.

"बाई, याले कोनी खात नाही. कायले नेता?"

"खायला नाही डोमाजी, मोजायला."

"त्यात मोजाचं काय? एकच तर हाये!"

बाई खूप हसल्या. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. त्यांनी माझ्या परांचे काटे मोजले, पुन्हा मोजले. असा मासा कोणत्याच पुस्तकात नव्हता. नव्या जातीचं वर्णन ज्या एका माशावरून लिहितात, तो कायमचा जपून ठेवतात. त्याला प्ररूप म्हणतात. तो मान मला मिळणार होता. बाईंनी माझ्या शेपटीला चिठ्ठी बांधली. नाला, तारीख आणि स्वतःचं नाव, सगळं पेन्सिलनं.

"पेन्सिल कशाला? चौथीत आहात का?" विभागाचे मोठे साहेब म्हणाले.

"शाई स्पिरिटमध्ये उतरते, सर."

दोरा सुटू शकतो, म्हणून बाई नखाएवढी दुसरी चिठ्ठी माशाच्या तोंडात ठेवत. माझ्याही ठेवली.

मग बाई आजारी पडल्या आणि चार महिन्यांत गेल्या. त्यांची तेरवीही झाली नव्हती, तेव्हा साहेबांनी माझा दोरा कात्रीनं कापला. स्वतःच्या नावाची चिठ्ठी भारी पेनानं लिहून बाटलीत टाकली. बाईंच्या वहीवरून लेख छापला आणि माझ्या जातीला आपल्या वडिलांचं नाव दिलं.

बाईंचे यजमान कमलाकरराव तो लेख घेऊन प्रयोगशाळेत आले.

"साहेब, हा मासा कुंदानं पकडला."

"पकडला असेल. पुरावा काय?"

पुरावा माझ्या तोंडात होता. पण मेलेल्या माशाला जबडा उघडता येत नाही. मेल्याचं दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा झालं. मी ठरवलं, थांबायचं.

तीन वर्षं थांबलो. मग शाल्मली नावाची संशोधक मला तपासायला आली. तिनं झाकण काढलं. स्पिरिट निळं झालं होतं आणि साहेबांची चिठ्ठी कोरी होती.

"सर, यावर तर काहीच नाही."

"अं... मी लिहिलं होतं."

दात पाहायला तिनं चिमट्यानं माझा जबडा उघडला आणि चिठ्ठी बाहेर काढली. नाला, तारीख, नाव, सगळं तिनं मोठ्यानं वाचलं. ताटलीत पडल्या पडल्या मी साहेबांचा चेहरा पाहिला. मित्रांनो, मला फार बरं वाटलं.

शाल्मलीनं खरं ते छापलं आणि चिठ्ठी परत माझ्या तोंडात ठेवली. साहेबांचं पद गेलं. ते कमलाकररावांपुढे हात जोडून उभे राहिले.

"माफ करा."

"माफ कुंदानं करायचं. तिला कुठून आणू?"

पण जातीला एकदा दिलेलं नाव नियमानं राहतंच. आजही लोक मला साहेबांच्या वडिलांच्या नावानं ओळखतात. म्हणून माझा राग गेलेला नाही. स्पिरिटमध्ये काहीच कुजत नाही.

कमलाकरराव दर महिन्याला येतात आणि उडून गेलेलं स्पिरिट भरतात. त्यांच्यानंतर, मित्रांनो, तुम्ही भरा. चिठ्ठी पेन्सिलनं लिहा आणि ज्याचं काम त्याचंच नाव लिहा. मला सुकू देऊ नका. जो कोणी माझं नाव वाचेल, त्याला मला माझं तोंड उघडून दाखवायचं आहे.